पावतीपुस्तक की मतपेटी?

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याला गिरणगाव 'बी. आय. आर.' या आद्याक्षरांनीच ओळखते. त्याचे पंचविसावे कलम वाचायला अगदी निरुपद्रवी वाटते. सरकारच्या मान्य यादीतील युनियनच्या पदाधिकाऱ्यांना काही गोष्टी करू द्याव्यात, एवढेच ते सांगते. त्यांनी गिरणीच्या आवारात सूचनाफलक लावावा, वादाच्या विषयावर सभासदांशी बोलावे आणि पगार वाटला जातो त्या जागी सभासदांकडून वर्गणी घ्यावी. शेवटची सवलत मला बाकीच्यांपेक्षा फार महत्त्वाची वाटते. महिनाभर साच्यावर उभा राहिलेला माणूस हातात पगार घेऊन वळतो, तो क्षण कायद्याने एका युनियनच्या हवाली केला. इतरांनी वर्गणी मागायला चाळीच्या जिन्यात जावे, नाक्यावर उभे राहावे, नाहीतर खानावळीत कामगार जेवायला बसेपर्यंत थांबावे. तोवर त्या पगाराला वाणी, पठाण आणि गावची मनीऑर्डर अशा तीन वाटा फुटलेल्या असत.

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास बहुधा संपांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. त्यात १९२८, १९५०, १९७४ आणि १९८२ ही वर्षे येतात, मोर्चे येतात, गोळीबार येतात. ते सारे खरेच आहे. पण या घटनांच्या खाली एक कोरडा, कारकुनी प्रश्न सतत वाहत राहिला आहे. मालकाशी बोलणी करायची तर कामगारांच्या वतीने कोण बसणार? आणि तो बसेल हे कोण ठरवणार? कायद्याने युनियनला संरक्षण दिले, सामूहिक वाटाघाटीला स्थान दिले, वेळोवेळी मालकांचे हातही बांधले. मात्र या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याने वर्गणीच्या पावत्या मोजून दिले. कामगाराला मत विचारून ते द्यावे, हे त्याला कधी फारसे सुचले नाही, किंवा सुचले तेव्हा सोयीचे वाटले नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

प्रतिनिधित्वाचा पहिला पुरावा सह्यांचा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज तयार केला. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहाएक हजार कामगार जमले. १० जूनला मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांच्या 'मिलहँड्स असोसिएशन'ला सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, लिहिलेले नियम नव्हते. इतिहासकारांनी हे तिचे उणेपण म्हणून नोंदवले आहे. ते उणेपण होतेच. पण मैदानावर माणसे दिसली आणि मालकांनी ऐकले, हेही तितकेच खरे. त्या दिवशी 'तुम्ही किती जणांचे प्रतिनिधी?' हे कोणाला विचारावे लागले नाही.

नोंदवही नसेल तर संघटनेचे काय होते, ते तीस वर्षांनी मद्रासला कळले. बकिंगहॅम आणि कर्नाटिक या बिन्नी कंपनीच्या गिरण्या. तिथल्या कामगारांची 'मद्रास लेबर युनियन' एप्रिल १९१८ मध्ये उभी राहिली. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मूळचे मुंबईचे पारशी, थिऑसॉफिस्ट आणि ॲनी बेझंट यांचे सहकारी. १९२० च्या संघर्षात कंपनीने वाडिया आणि इतरांवर मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांनी नोकरीचा करार मोडावा म्हणून यांनी त्यांना चिथावले, सबब मनाई हुकूम द्यावा आणि नुकसानभरपाई मिळावी, अशी मागणी होती. मनाई हुकूम मिळाला. इंग्लंडच्या सामान्य कायद्यात जे चालत होते तेच इथेही चालले. फरक एवढाच की इंग्लंडच्या कामगारांनी टाफ व्हेल रेल्वेच्या खटल्यातून धडा घेऊन १९०६ साली संसदेकडून संरक्षण मिळवले होते आणि इथे तसे काहीच नव्हते. शेवटी तडजोड झाली. कंपनीने दावा सोडला आणि वाडियांनी युनियन सोडली. एका माणसाला बाजूला सारण्यासाठी न्यायालयाचा इतका सरळ उपयोग क्वचितच झाला असेल.

या प्रकरणाची सर्वांत महत्त्वाची प्रतिक्रिया मुंबईच्या एका शांत, हिशेबी माणसाकडून आली. नारायण मल्हार जोशी हे भारत सेवक समाजाचे सदस्य आणि मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडणारे नियुक्त सभासद होते. मार्च १९२१ मध्ये त्यांनी युनियनची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा करावा असा ठराव मांडला. ठराव मान्य झाला, पण प्रत्यक्ष कायदा यायला पाच वर्षे गेली आणि १ जून १९२७ ला तो अमलात आला. हाच १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. त्यातली सतरावे आणि अठरावे ही दोन कलमे मद्रासच्या खटल्याला दिलेले थेट उत्तर आहेत. नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांवर तिच्या कायदेशीर उद्दिष्टांसाठी केलेल्या कराराबद्दल गुन्हेगारी कटाचा आरोप येणार नाही. औद्योगिक वादात कोणाला नोकरीचा करार मोडायला लावले, एवढ्यावरून दिवाणी दावाही चालणार नाही.

ही ढाल होती, आणि ती हवीच होती. पण ढाल हातात आल्याने मालकाच्या टेबलासमोर खुर्ची मिळत नाही. सात माणसांनी अर्ज करावा आणि युनियन नोंदवावी. मालकाने तिला ओळखलेच पाहिजे, तिच्या पत्राला उत्तर दिलेच पाहिजे, असे कायद्यात एक अक्षर नव्हते. संघटना बांधण्याचा हक्क आणि संघटनेमार्फत बोलणी करण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला हक्क १९२६ ला मिळाला. दुसऱ्यासाठी पुढची सारी झटापट आहे.

ती लगेच सुरू झाली. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. दीड लाखांवर कामगार बाहेर होते. त्या संपात जन्मलेल्या लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेर ५४,००० वर गेली. जोशींची 'बॉम्बे टेक्सटाइल लेबर युनियन' १९२६ पासून काम करत होती, शिस्तीची होती, हिशेब चोख होते. पण संपाच्या सहा महिन्यांत लोक लाल बावट्याकडे वळले. गिरणीगिरणीत समित्या झाल्या, खात्यातली माणसे निवडून आली, आणि जॉबर ज्या भांडणाचा निवाडा आजवर आपल्या मर्जीने करत असे ते भांडण आता समितीपुढे जाऊ लागले. मालकांना यातले काय सर्वांत जास्त खुपले असेल, तर मला वाटते या समित्याच. मार्च १९२९ मध्ये मीरतच्या कटासाठी पुढाऱ्यांची धरपकड झाली. त्याच वर्षी औद्योगिक वादांचा केंद्रीय कायदा आला आणि त्याने सहानुभूतीच्या व सार्वत्रिक संपांवर बंधने घातली. ८ एप्रिलला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकला तो याच विधेयकाच्या दिवशी, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. १९२९ चा मुंबईतला दुसरा संप फसला आणि ५४,००० ची युनियन बघता बघता ओसरली.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती लाल बावट्याच्या चरित्रात बहुधा तळटीप होऊन राहते. गिरणीतल्या साचेखात्यात, जिथे मजुरी अधिक होती तिथे, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि सवर्ण विणकरांना तो विटाळ वाटे. डॉ. आंबेडकरांनी या संपांच्या काळात हा प्रश्न उभा केला. कामगारांच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी का नाही, असे त्यांनी युनियनच्या पुढाऱ्यांना विचारले. म्हणजे 'कामगारांच्या वतीने कोण बोलणार?' हा प्रश्न मालक आणि युनियन यांच्यातलाच नव्हता. तो युनियनच्या आतही होता. संख्येने मोठी युनियन सगळ्यांची असतेच असे नाही, हे आंबेडकरांनी कायदा करणाऱ्यांच्या आधी पाहिले.

म्हणूनच १९३८ मध्ये त्यांनी घेतलेली भूमिका समजते. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहांचे विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया सक्तीची, ती पुरी होईपर्यंत संप बेकायदा आणि बेकायदा संप शिक्षापात्र, असा त्याचा गाभा होता. त्याचबरोबर युनियनच्या प्रतवाऱ्या लावून कोणाला बोलण्याचा अधिकार किती, हेही ठरवले होते. १५ सप्टेंबर १९३८ रोजी आंबेडकर मुंबई विधानसभेत यावर दीर्घ बोलले. त्यांचा युक्तिवाद वकिलाचा होता. नोकरी सोडणे किंवा काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे. त्याची भरपाई मागता येईल, पण तो गुन्हा ठरवून माणसाला शिक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून इच्छेविरुद्ध काम करवून घेणे, आणि त्याला गुलामीखेरीज दुसरे नाव नाही. या विधेयकाला कामगारांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा म्हणावे, असे त्यांनी सुचवले. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कामगार मैदानावर आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर आले. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक मात्र मंजूर झाले.

या गोष्टीला एक पुरवणी आहे. १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी १९२६ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्यात मालकाला प्रातिनिधिक युनियनला मान्यता देणे बंधनकारक होते, मान्यतेसाठी युनियनने कोणत्या अटी पाळाव्यात हे सांगितले होते आणि अटी पुऱ्या असूनही मान्यता नाकारणे हा गुन्हा होता. खुर्ची मिळवून देणारे हे पहिले अखिल भारतीय विधेयक. ते रेंगाळले, पुन्हा आले आणि स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांत, १९४७ साली, मंजूरही झाले. मग कायदा अमलात आणायची तारीख जाहीर करणारी अधिसूचना निघायची राहिली. ती पुढे कधीच निघाली नाही. संमत होऊनही जन्मालाच न आलेले कायदे आपल्याकडे आणखीही असतील, पण इतका गरजेचा दुसरा मला ठाऊक नाही. पुढे कित्येक दशके देशात मान्यतेबद्दल वाद झाला की प्रत्येक राज्य आपापल्या वाटेने का जात राहिले, याचे एक मोठे कारण ही न निघालेली अधिसूचना होती.

मुंबईची वाट १९४६ च्या कायद्याची. त्याचे शिल्पकार त्या वेळचे प्रांतिक मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा. नंदांची सारी घडण अहमदाबादच्या मजूर महाजन संघात झाली होती. १९२० मध्ये अनसूया साराभाई आणि गांधीजींच्या प्रेरणेतून झालेली ही संस्था खरोखर असाधारण होती. वाद झाला की लवाद, लवादाचा निर्णय दोघांनी मानायचा, संप अगदी अखेरचा उपाय. अहमदाबादच्या कामगारांत तिचे वजन निर्विवाद होते. एका शहरात, एका धंद्यात, एक मोठी, विश्वासाची युनियन आहे असे धरून कायदा लिहिला तर तो कसा दिसेल? तो बी. आय. आर. सारखा दिसेल. अहमदाबादच्या मापाने शिवलेला हा अंगरखा मुंबईच्या अंगावर चढवला गेला. आणि मुंबईत तर चार झेंडे होते.

कायद्याची रचना पायऱ्यांची आहे. स्थानिक क्षेत्रातल्या एखाद्या धंद्यात जी युनियन ठरावीक प्रमाणात सभासद दाखवील ती 'प्रातिनिधिक युनियन'. हे प्रमाण सुरुवातीला १५ टक्के होते, पुढे २५ टक्के झाले. लक्षात घ्या, बहुमत नव्हे, शंभरातले पंचवीस. एकदा हा दर्जा मिळाला की त्या धंद्यातल्या सगळ्या कामगारांच्या वतीने, म्हणजे उरलेल्या पंचाहत्तरांच्याही वतीने, बदलाची नोटीस तिनेच द्यायची, समेटाला तिनेच बसायचे, करार तिनेच करायचा. तो करार सर्वांना बांधील. सभासद कोण, तर दरमहा किमान वर्गणी भरणारा आणि ती ठरावीक महिन्यांपेक्षा अधिक न थकवणारा. निबंधक युनियनची दप्तरे तपासणार आणि आकडा ठरवणार. प्रतिस्पर्धी युनियनला तिची जागा घ्यायची असेल तर तिने आपल्या पावत्या जास्त आहेत हे त्याच पद्धतीने सिद्ध करायचे. आणि पावत्या फाडायला पगाराच्या जागी कोण बसू शकते, ते आपण सुरुवातीला पाहिलेच.

कायद्याला मतदान माहीत नव्हते असे मात्र नाही. जिथे प्रातिनिधिक युनियन नाही, तिथे कामगारांनी आपले प्रतिनिधी निवडून द्यावेत, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. प्रतिनिधित्वाच्या उतरंडीत निवडून आलेले हे लोक पार खालच्या पायरीवर उभे आहेत. इतकेच नव्हे, मान्य यादीतील युनियनने संप करण्यापूर्वी सभासदांचे गुप्त मतदान घ्यावे आणि बहुमत असल्याखेरीज संप करू नये, असेही बंधन आहे. काम थांबवायचे का, हे मतपेटीत विचारायचे. आपल्या वतीने बोलणार कोण, हे मात्र पावतीपुस्तकातून वाचायचे. ही विसंगती कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसेल, असे मानायला मी तयार नाही.

मुंबईत हा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या इंटकशी, म्हणजे पर्यायाने काँग्रेसशी, तो जोडलेला. त्यामुळे संघाचा उल्लेख आला की गिरणगावात अजूनही आवाज चढतो. पण हिशेब नीट मांडायचा तर जमेची बाजूही लिहावी लागते. १९४७ च्या निवाड्याने गिरण्यागिरण्यांतल्या पगारांचा सावळागोंधळ संपवून प्रमाणित पगार ठरवले. २६ दिवसांच्या महिन्याला किमान मूळ पगार ३० रुपये झाला. महागाईभत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडला गेला. बदली कामगारांची भरती जॉबरच्या मुठीतून काढणारी योजना १९५० मध्ये आली. एकाच धंद्यासाठी एकच बोलणारा असला की सगळ्या गिरण्यांना एक दर लावता येतो, हा या रचनेचा खरा लाभ होता. चार युनियन चार करार करत बसल्या असत्या तर हे घडणे कठीण होते. गं. द. आंबेकरांसारख्या पुढाऱ्यांनी खपून काम केले, हेही खरे. कायद्याचा दोष त्यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: विश्वास उडाला तर तो परत मिळवावा लागेल किंवा जागा सोडावी लागेल, अशी कोणतीच यंत्रणा या कायद्यात प्रत्यक्षात चालत नव्हती.

तो उडाल्याची पहिली मोठी खूण १९५० ची. बोनसच्या प्रश्नावर समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने पुकारलेला संप ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दोन महिने चालला. प्रातिनिधिक युनियन संपाबाहेर आणि गिरण्या बंद, असे दृश्य होते. ज्याच्याशी मालक कायद्याने बोलू शकत होते त्याच्या सांगण्यावरून कामगार आत येत नव्हते. ज्याच्या सांगण्यावरून ते बाहेर होते, त्याच्याशी बोलायला मालक बांधलेले नव्हते. संप मोडला. संघाचा दर्जा कायम राहिला. १९७४ मध्ये डांग्यांच्या युनियनच्या बेचाळीस दिवसांच्या संपातही थोड्याफार फरकाने तेच झाले. दोन्ही वेळा सरकारने आणि मालकांनी काढलेला निष्कर्ष असा की, रचना टिकली. त्यांनी पंचवीस टक्क्यांचा आकडा पाहिला. बाहेर उभ्या असलेल्यांचा पाहिला नाही.

न्यायालयांनीही दार किलकिले केले नाही. १९६२ मध्ये गिरजाशंकर काशीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की प्रातिनिधिक युनियन हजर झाली की त्या कामगाराला स्वतःला बाजू मांडता येणार नाही. १९७८ मध्ये संतुराम खुदाई प्रकरणात हेच पुन्हा सांगितले गेले. युनियन जी भूमिका घेईल ती कामगाराच्या विरोधात गेली तरीही! सामूहिक वाटाघाटीचे तर्कशास्त्र या निकालांमागे आहे आणि ते मला मान्यही आहे. प्रत्येकाने वेगळे बोलायचे ठरवले तर सामूहिक काही उरत नाही. परंतु हे तर्कशास्त्र एका गृहीतावर उभे आहे. बोलणारा खरोखर त्यांनी पाठवलेला असला पाहिजे. त्या आधीच, १९६१ साली, बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगून टाकले होते की संघटना करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत आहे, पण त्यात परिणामकारक सामूहिक वाटाघाटीचा किंवा संपाचा हक्क अंतर्भूत नाही. म्हणजे गोष्ट पुन्हा साध्या कायद्यावर आली, आणि तो कायदा तर पावत्या मोजत होता.

तो बदलण्याची एक चांगली संधी आली होती. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने १९६९ मध्ये अहवाल दिला. आयोगापुढे हा वाद जोरात झडला होता. इंटकचा कल दप्तरांच्या पडताळणीकडे, तर आयटक आणि हिंद मजदूर सभेचा गुप्त मतदानाकडे. प्रत्येकाचे तत्त्व त्याच्या सोयीशी इतके नेमके जुळावे, याची गंमत वाटते. मतदानाविरुद्धचा युक्तिवाद मात्र केवळ सोयीचा नव्हता. निवडणुकीच्या चार दिवसांत भरमसाट आश्वासने देऊन कोणीही मते मिळवील, वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्या सभासदाची किंमत आणि कधीच न भरणाऱ्याची किंमत एक होईल, अशी भीती होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आयोगाने निर्णय प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगावर सोपवला. तो आयोग काही झाला नाही.

महाराष्ट्राने मात्र स्वतःचा कायदा केला. कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करण्याचा १९७१ चा अधिनियम ८ सप्टेंबर १९७५ ला अमलात आला. देशात या विषयावर झालेल्या उत्तम कायद्यांत मी त्याची गणना करतो. युनियनमध्ये गेला म्हणून कामगाराला काढणे, मालकाने आपल्या खिशातली युनियन उभी करणे, मान्यताप्राप्त युनियनशी सद्भावनेने वाटाघाटी करायला नकार देणे, या साऱ्यांना त्याने 'अनुचित प्रथा' ठरवले आणि कामगाराला थेट न्यायालयात तक्रार करण्याचा मार्ग दिला. सरकारने वाद न्यायालयाकडे सोपवण्याची वाट पाहणे संपले. राज्यातल्या असंख्य इंजिनिअरिंग, औषधी आणि रसायन कारखान्यांतल्या कामगारांची नोकरी या तक्रारींनी वाचली आहे. पण मान्यतेच्या प्रकरणात निकष पुन्हा सभासदसंख्येचाच होता, ३० टक्के, आणि तोही दप्तरे तपासून. शिवाय बी. आय. आर. ज्या धंद्यांना लागू होता त्यांना हे मान्यतेचे प्रकरण लागूच नव्हते. गिरण्या जिथे होत्या तिथेच राहिल्या.

या पार्श्वभूमीवर १९८२ पाहिले म्हणजे तो संप एका माणसाच्या हट्टाचा होता, हे सर्रास ऐकू येणारे विधान टिकत नाही. डॉ. दत्ता सामंत स्वतः इंटकमधून आलेले. इतर कारखान्यांत त्यांनी मान्यतेच्या अर्जांची फारशी पर्वा केली नव्हती. कामगार मागे आले की मालक आपसूक बोलायला येत. १९८१ च्या दिवाळीत संघाने केलेला बोनसचा करार गिरण्यांत नाराजीने घेतला गेला. स्टँडर्ड मिलचे कामगार डॉक्टरांकडे गेले, पाठोपाठ इतर गिरण्यांचे गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बदलीवाल्यांना कायम करणे या मागण्यांच्या जोडीला एक मागणी कायद्याबद्दल होती: बी. आय. आर. रद्द करा. एरवी संपकऱ्यांच्या यादीत कायद्याचे नाव येत नाही. इथे ते आले, कारण साचेवाल्यालाही कळून चुकले होते की पगाराआधी हा दरवाजा उघडायला हवा.

कायद्याने काय केले ते पाहा. बदलाची नोटीस देण्याचा अधिकार प्रातिनिधिक युनियनचा. तिने दिली नाही, म्हणून संप पहिल्या दिवसापासून बेकायदा. मालक म्हणाले, आम्ही संघाखेरीज कोणाशी कायदेशीर करार करूच शकत नाही, आणि ते खरेच होते. सरकार म्हणाले, सामंतांनी आपले सभासद दाखवावेत, दर्जा घ्यावा. आता सभासद म्हणजे वर्गणी भरणारा, आणि वर्गणी पगारातून येते. महिनोन्महिने पगार नसलेला, भांडी विकून किंवा गावी जाऊन दिवस काढणारा माणूस ज्या कारणाने संपात होता त्याच कारणाने तो वहीत थकबाकीदार होत होता. अडीच लाख लोक रस्त्यावर उभे राहून सांगत होते की आमच्या वतीने कोण बोलणार, आणि ते ऐकण्याचे साधन कायद्याकडे नव्हते. एका रविवारी गिरणगावात मतपेट्या ठेवल्या असत्या तर काय झाले असते? कदाचित संप तरीही हरला असता. मालकांपाशी साठा होता, भिवंडीचे यंत्रमाग होते, आणि कित्येक गिरण्यांच्या जागेला गिरणीपेक्षा अधिक किंमत येऊ लागली होती. पण बोलणी तरी झाली असती. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. हजारो कामगार परत घेतले गेले नाहीत. १९८४ च्या डिसेंबरात त्याच कामगारांनी सामंतांना लोकसभेवर निवडून पाठवले. तिथे मतपेटी होती.

संघ मात्र प्रातिनिधिक राहिला, आणि याचा परिणाम पगारापुरता उरला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींची वाट मोकळी केली. त्यानंतर आजारी गिरण्यांच्या पुनर्वसनाचे, जमीनविक्रीचे, स्वेच्छानिवृत्तीचे करार झाले. त्यांतल्या अनेकांवर कामगारांच्या वतीने सही त्याच युनियनची आहे. ज्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले, त्या पिढीतले लोक घरांच्या सोडतीसाठी अजून कागद घेऊन फिरतात. त्यांना विचारले, ही सही करायला कोणी पाठवले होते, तर ते हसतात.

पुढच्या काळात न्यायालयांचा सूर थोडा बदलला. १९८४ च्या बामर लॉरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या कायद्यातील मान्यताप्राप्त युनियनचा एकाधिकार उचलून धरला. थकीत रकमेतून १५ टक्के युनियनच्या निधीसाठी कापण्याचा करार, सभासद नसलेल्यांनाही, वैध ठरला. पण १९९५ मध्ये भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने गुप्त मतदानाने युनियनचे बळ मोजण्याची पद्धत तपशीलवार घालून दिली: मतदारयादी कशी करायची, चिन्हे कशी द्यायची, केंद्रे कुठे असावीत. म्हणजे जे पन्नास वर्षे अव्यवहार्य म्हटले जात होते, ते काही पानांत मांडता आले. रेल्वेतही पुढे मतदानाने मान्यता ठरू लागली. इतक्या प्रचंड, देशभर पसरलेल्या खात्यात जे जमते ते परळ ते भायखळा या पट्ट्यात जमले नसते, असे कोणी म्हणू नये.

संघटनेचे स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार भारताने अजून स्वीकारलेले नाहीत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत मात्र देशाच्या कायद्यात प्रथमच वाटाघाटी करणाऱ्या युनियनची सर्वसाधारण तरतूद आली आहे. एकच युनियन असेल तर ती. अनेक असतील तर हजेरीपटावरच्या कामगारांपैकी ५१ टक्क्यांचा पाठिंबा जिला असेल ती. तशी कोणीच नसेल तर किमान २० टक्के असणाऱ्यांची मिळून परिषद. पंचवीसावरून एक्कावन्नावर येणे ही मोठी गोष्ट आहे. पाठिंबा कसा मोजायचा हे मात्र संहितेने नियमांवर सोडले आहे. आणि मोजायचे ते कारखान्याच्या हजेरीपटावरचे. आजच्या कारखान्यात यंत्रावर उभा असलेला माणूस पुष्कळदा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो. गिरणीच्या फाटकाशी पहाटे बदलीसाठी उभा राहणाऱ्याचे नाव निदान गिरणीच्या वहीत तरी असे.